वाल्मिकचा अंगठा

मुरबाडच्या बाजारात वाल्मिकचा फोटो स्टुडिओ कुठाय म्हणून कुणाला विचारलं, की माणूस आधी हसायचा आणि मग हात करून दाखवायचा. हसायचा तो वाल्मिकच्या जिभेला. "हलू नका! ओ मावशी, तोंड मिटा, बोलताय काय! नवरदेव, श्वास नंतर घ्या!" समोर सरपंच बसलेला असो नाहीतर पोलीस पाटील, वाल्मिकला कुणाची भीड नव्हती. फोटो काढायला गेलेला माणूस चार शब्द ऐकूनच घरी यायचा. पण फोटो हातात पडला की राग कुठल्या कुठे पळायचा. वाल्मिकच्या फोटोत माणूस जसा असेल तसा यायचा, कानातल्या बुगडीचा खडासुद्धा वेगळा दिसायचा.

हे सगळं नव्वद-ब्याण्णव सालातलं. तेव्हा त्याच्याकडे रोलचा काळा, जड कॅमेरा होता. डोळा लावायला मागं छोटी खिडकी, वर उजव्या हाताला खटका, आणि खटक्याच्या मागं रोल पुढे सरकवायची एक पत्र्याची पट्टी. खटका दाबला की अंगठ्यानं ती पट्टी उजवीकडे ओढायची, खर्रकन आवाज यायचा, पुढच्या फोटोची तयारी झाली. काढला, ओढली, काढला, ओढली. लग्नसराईत दिवसभर हेच. त्या अंगठ्याच्या कडेला घट्टा पडला होता. जेवताना घास तोंडात गेला तरी अंगठा आपसूक उजवीकडे झटका द्यायचा. ते बघून त्याची बायको चंदा हसून हसून बेजार व्हायची.

"अवो, ताटातला रोल संपला. वाढू का अजून?"

"वाढ, आणि तोंड मिट," वाल्मिक म्हणायचा. पण मिशीत हसायचा.

चंदाशिवाय त्याचा धंदा चाललाच नसता, हे मुरबाडात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त वाल्मिक ते कबूल करायचा नाही. नवरीच्या मुंडावळ्या सरळ करायच्या, पदर चापून बसवायचा, रडणाऱ्या पोरासमोर चुटक्या वाजवायच्या, उन्हात छत्री धरायची, हे सगळं तिचं. म्हशाच्या जत्रेत ते दोघं रंगवलेला पडदा लावून बसायचे. पडद्यावर बंगला, बंगल्यापुढे कारंजं. बैल विकून मोकळे झालेले शेतकरी, नवी लुगडी नेसलेल्या बाया, सगळ्यांना चंदा हाताला धरून पडद्यासमोर उभं करायची. तिनं समोरच्याला हसवायचं आणि यानं "हसू नका" म्हणून ओरडायचं. असा त्यांचा संसार.

चंदा मात्र पडद्यासमोर कधी उभी राहिली नाही. तिची जागा कॅमेऱ्याच्या शेजारी. कधी तरी वाल्मिक म्हणायचा, "ये गो, तुझाबी एक काढतो." ती म्हणायची, "माझा काय काढताव? मी काय पळून चाललीय? गिऱ्हाईक बगा." आणि तो लगेच ऐकायचा. या एका बाबतीत तिचं इतक्या पटकन ऐकायला नको होतं त्यानं. दुसऱ्यांच्या अल्बमांत शोधायला गेलं तर चंदा सापडायची, पण कशी? कडेला एक कोपर, छत्रीचा दांडा धरलेली मूठ, नवरीच्या डोक्यामागून गेलेला पदराचा काठ. त्यांच्या स्वतःच्या लग्नात तर फोटोवालाच नव्हता, आणि पुढे लेकीच्या लग्नातही ती कॅमेऱ्याच्या बाजूलाच राहिली.

आणखी एक काम होतं, त्याच्याबद्दल दोघंही बाहेर फारसं बोलत नसत. घाटाच्या पायथ्याच्या पाड्यांवर एखादं म्हातारं माणूस गेलं, आणि त्याचा जन्मात एकही फोटो निघालेला नसला, की वाल्मिकला बोलावणं यायचं. मढं खुर्चीत बसवायचं, मागं घोंगडी ताणायची, आणि फोटो काढायचा. मग शहापूरचा एक पेंटर त्या फोटोवर बारीक ब्रशानं मिटलेले डोळे उघडे करून द्यायचा. घरात फोटो हवा, पोरानातवंडांना तोंड दिसायला हवं, एवढीच त्या लोकांची इच्छा. अशाच एका पाड्यावरच्या बुधूची आई सावळी गेली तेव्हाही असंच झालं. म्हातारीची मान खुर्चीत ठरेना. एकदा डावीकडे, एकदा पुढे. शेवटी चंदा घोंगडीच्या मागं जाऊन बसली, घोंगडीच्या फटीतून हात पुढे घातला आणि सावळीचं डोकं मागून तोलून धरलं. वाल्मिकनं फोटो काढला. समोर बुधू हात जोडून उभा होता, त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

परत येताना चंदा बांधावरच्या पाण्यात हात धूत बसली, ती उठेचना.

"काय झाला गो?"

"माझा असा करू नका," ती म्हणाली. "माझी मान कुणाच्या हातात द्यायची नाय. माझा फोटो काढायचा तं मी जित्ती असताना. डोळे माझे मी उघडीन. पेंटर नको."

"चल गो, अवदसा सुचतेय तुला," वाल्मिक म्हणाला, आणि पुढे चालू लागला.

पुढे दिवस बदलले. कल्याणला रोल धुणारा वाल्मिकच्या ओळखीचा माणूस म्हणू लागला, "दादा, आता रोल कुणी आणत नाय. किती दिवस मी तरी मशीन तापवून बसू?" मुरबाडात पोरांच्या हातात नवे कॅमेरे दिसू लागले. मग दोन हजार पाचच्या दिवाळीत आसनगावला दिलेली लेक अनिता आणि जावई अनिल सणाला आले, ते एक डबी घेऊन. डबीत चंदेरी रंगाचा डिजिटल कॅमेरा. केवढासा? साबणाच्या नव्या वडीएवढा. वर मनगटात अडकवायची काळी दोरी.

वाल्मिकनं तो हातात घेतला, वजन केलं, आणि सवयीनं डोळ्याला लावला. पण डोळा लावायला त्याला काही नव्हतंच. मागं नुसती काच. काचेवर नाकाचा तेलकट ठसा उमटला आणि सगळं घर हसलं.

"बाबा, डोळ्याला नाय लावायचा," अनिता म्हणाली. "हात लांब करून धरा. काचेत दिसतं सगळं."

"हात लांब करून आमी काय ओवाळायला बसलोय?" वाल्मिक तडकला.

वरचं बारीक बटन दाबलं की पोटातून भिंगाची नळी पुढे यायची, पुन्हा दाबलं की आत जायची, आणि भिंगावर पापणीसारखे दोन पत्रे मिटायचे. खटक्याभोवती एक कडी होती, ती फिरवली की समोरचा माणूस जवळ यायचा नाहीतर लांब जायचा. खटका एकदम दाबायचा नाही. अर्धा दाबून थांबायचं, काचेत हिरवी चौकट आली, टिट-टिट वाजलं, की मग पुरा दाबायचा. तेव्हा कुठे फोटोचा 'खटॅक' आवाज यायचा, आणि तोही खरा नव्हे, आतल्या बारक्या स्पीकरातून काढलेला. वाल्मिकला त्याचा फार संताप. "अर्धा दाबून थांबायचं! ही काय गाय हाय का, पान्हा सोडायची वाट बगायला?"

चंदाचं शिक्षण चौथीपर्यंत. पण दोन दिवसांत तिनं सगळी बटनं पाठ केली. इंग्रजी वाचायची गरजच नव्हती, बटनांवर चित्रं होती. काचेच्या बाजूला चार कडांचं गोल बटन होतं. फूल दिसलं की जवळचं काढायचं, घड्याळ दिसलं की तो थोडं थांबून काढतो, विजेची रेघ म्हणजे फ्लॅश. "आणि हा कचऱ्याचा डबा," ती अनिताला दाखवायची, "याच्यावर तुझ्या बाबांचा हात जाऊ द्यायचा नाय. सगळ्या मुरबाडला डब्यात घालतील."

खरी पंचाईत वेगळ्याच कळीची होती. मागच्या बाजूला, वर उजव्या कोपऱ्यात, नेमका अंगठा टेकतो तिथे, एक सरकती कळ होती. डावीकडे असली की फोटो. उजवीकडे सरकवली की शूटिंग. आता वाल्मिकचा अंगठा पडला वीस वर्षं पट्टी ओढलेला. फोटो काढायच्या आधी एकदा आणि काढल्यावर एकदा, तो आपला उजवीकडे झटका देणारच. झटका दिला की कळ शूटिंगवर. मग खटका दाबला की फोटो निघत नसे, शूटिंग सुरू होई. दुसऱ्यांदा दाबला की ते बंद होई. धन्याला पत्ता नाही. शिवळ्याजवळच्या एका हळदीत नवरीचे फोटो म्हणून घरी आणले ते काय? नवरी डोळे मिचकावतेय, करवली नाक पुसतेय, आणि मागून वाल्मिकचा आवाज, "हलू नको गो बाय!" नवरीच्या बापानं अशी अब्रू काढली की विचारू नका.

त्या दिवसापासून चंदा कॅमेऱ्याच्या शेजारी उभी राहून फक्त तेवढंच बघायची. यानं खटका दाबला, 'खटॅक' आवाज आला तर ठीक. नाही आला की ती हळूच म्हणायची, "अंगठा!" हा दचकून कळ मागं सरकवायचा. पुन्हा फोटो. पुन्हा "अंगठा!" लग्नातल्या लोकांना वाटायचं, नवरा-बायकोचा हा काही तरी मंत्रच आहे. अनिलनं सुचवलं, त्या कळीवर चिकटपट्टी लावून टाका, सरकणारच नाही. वाल्मिकचा अपमान झाला. "अंगठा माझा हाय. त्याला मी सांगीन. पट्ट्या लावायला तो काय मोडलाय?"

आणि काढलेला फोटो काचेत लगेच बघता येतो, हे त्याला कितीदा सांगितलं तरी तो बघायचा नाही. रोलच्या माणसाला ती सवयच नव्हती. काढला म्हणजे काढला. उगाच उकरून काय बघायचं? तेही चंदाच बघायची.

दोन हजार सातच्या गणपतीनंतर चंदाच्या पोटात दुखू लागलं. आधी घरचा काढा, मग मुरबाडचा डॉक्टर, मग मुंबईचं मोठं इस्पितळ. तिथं डॉक्टरनं वाल्मिकला आणि अनिताला बाजूला घेतलं. लिव्हरला गाठ होती, पसरलेली. "घरी न्या. त्यांना आवडेल ते खायला घाला," डॉक्टर म्हणाला. अनितानं वाल्मिकला भिंतीशी टेकवून बसवलं.

चंदाला कुणी काही सांगितलं नाही. पण एवढ्या मढ्यांची मान तोलून धरलेली बाई ती, तिला सांगायला कशाला हवं? घरी आल्यावर ओट्यावर उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "चला. आता माझा फोटो काढा."

"आत्ता? बरी हो, मंग काढू. चांगली तयार होऊन."

"बरी व्हायची वाट बगाल तं पेंटर लागंल."

वाल्मिक ताडकन उठून बाहेर गेला. फोटो काढायचा म्हणजे हिच्या जाण्यावर आपणच शिक्का मारायचा, असं त्याला वाटायचं. आजाऱ्याचा फोटो काढला की यमाला वाट दाखवल्यासारखं होतं, हे तो दुसऱ्यांच्या घरी हजारदा ऐकून हसला होता. आता स्वतःच्या घरी तो त्याच भीतीनं कॅमेरा कपाटातून काढेना. आज ऊन नाही, आज बॅटरी उतरलीय, आज तुझ्या डोळ्याखाली काळं दिसतंय. रोज नवी सबब. चंदा रोज विचारायची आणि रोज थोडी बारीक व्हायची. अनिता माहेरी येऊन राहिली होती. ती एकदा बापावर ओरडली, "बाबा, साऱ्या तालुक्याचे फोटो काढलेत. आईनं जन्मात एक मागितलाय!"

दुसऱ्या दिवशी अनितानं आईला अंघोळ घातली, केस विंचरले, कपाळाला कुंकू लावलं. भाताच्या लोंबीसारख्या पिवळ्या रंगाचं, काठाचं लुगडं तिनं स्वतः मागून घेतलं. चंदा अंगणात खुर्चीवर येऊन बसली. कुणी धरलं नाही. मान तिची तिनं उभी धरली. अनिता आत पेज करायला गेली, कारण चंदानंच तिला घालवलं. "तू जा. तू असलीस की हे बिचकतात."

वाल्मिकनं कॅमेरा हातात घेतला. हात लांब केला. काचेत चंदा दिसली, एवढीशी, आगपेटीएवढी. त्याचे डोळे भरून आले आणि काचेत नुसता पिवळा रंग उरला. अंगठ्यानं नेहमीसारखा आधी झटका दिला. यानं खटका दाबला.

"झाला," तो म्हणाला. "अजून एक काढतो. हललीस तू."

चंदाच्या कानावर 'खटॅक' आलं नव्हतं. तिनं ओठ हलवले. आवाज पार खोल गेला होता. "अवो..."

"गप गो!" वाल्मिक खेकसला. रडू येत होतं म्हणून खेकसला, दुसरं कारण नव्हतं. "बोलू नको! तोंड वाकडं येतंय. गप बस!"

चंदा गप्प बसली. तोंड मिटून, सरळ, त्याच्याकडे बघत. वाल्मिकनं तेवढ्यात पुन्हा खटका दाबला. मग कॅमेरा बंद करून खिशात घातला.

तिला उचलून आत नेताना तिनं विचारलं, "बगितलात ना? निघालाय ना?"

"बगितला," वाल्मिक म्हणाला. बघितला नव्हता. त्याच्यानं बघवलंच नसतं. "झकास निघालाय."

"डोळे उघडे हायेत ना?"

"टक्क उघडे."

तेव्हा तिला बरं वाटलं. ते तिच्या तोंडावर दिसलं. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी नीट झोपली, आणि त्या आठवड्याच्या शेवटी, सकाळी, अनिताच्या मांडीवर तिनं प्राण सोडला.

नातेवाईक जमले. चंदाचा भाऊ धर्मा म्हणाला, "दाजी, एक फोटो काढून ठेवा हिचा. घरात फोटो नाय. मागनं पंचाईत होईल." मतदानाच्या कार्डावर होता तो फोटो एका पावसाळ्यात पत्रा गळून भिजला होता, तिथं आता निळा डाग होता. धर्माचं काही चुकत नव्हतं. पण वाल्मिक भडकला. "हात नाय लावायचा तिच्या मानेला! फोटो हाय. जित्तेपणीचा हाय, डोळे उघडे असलेला. तिनं बसून काढून घेतलाय." असं म्हणताना एवढ्या दुःखातही त्याची छाती थोडी वर आली होती. एक तरी शब्द आपण पाळला, असं त्याला वाटत होतं. चंदाला फोटोशिवायच नेलं आणि नदीकाठी अग्नी दिला.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर वाल्मिक जीप पकडून शहापूरला गेला. तिथं ज्ञानेश्वरचं दुकान होतं. ज्ञानेश्वर त्याच्याच वयाचा, एके काळी दोघं एकाच लग्नात आमनेसामने कॅमेरे घेऊन उभे राहिलेले. आता त्याच्याकडे कॉम्प्युटर आणि फोटो छापायचं यंत्र होतं. त्यानं बातमी ऐकली होती. उठून वाल्मिकचा हात धरला, बसायला स्टूल दिलं.

"मोठा कर," वाल्मिक म्हणाला. "भिंतीवर लावायचा एवढा. फ्रेम चांगली दे."

ज्ञानेश्वरनं कॅमेऱ्याच्या तळाचं झाकण सरकवलं, नखाएवढं कार्ड दाबून बाहेर काढलं आणि कॉम्प्युटरात घातलं. पडद्यावर बारीक चौकोन आले. पाचवीची पूजा, कुणाचं बारसं, एक नवा ट्रॅक्टर हार घातलेला. ज्ञानेश्वर शेवटपर्यंत गेला, परत वर आला, परत शेवटी गेला.

"दादा, वयनीचा फोटो नाय यात."

"नाय कसा? दोन काढलेत."

"शेवटी एक शूटिंग हाय. बारकं. तेवढंच."

वाल्मिक आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. ज्ञानेश्वरला वाटलं, याला समजलं नाही. त्यानं ते शूटिंग चालू केलं.

पडद्यावर अंगण आलं. खुर्ची आली. चंदा आली, पिवळ्या लुगड्यात, किंचित हलणारी, कारण धरणाऱ्याचा हात हलत होता. स्पीकरातून वाल्मिकचा आवाज आला, "झाला. अजून एक काढतो. हललीस तू." मग चंदाचे ओठ हलले. अंगणात वाल्मिकला "अवो" एवढंच ऐकू आलं होतं. पुढचं त्याच्या खेकसण्याखाली दबून गेलं होतं. त्या यंत्राच्या कानाला मात्र सगळं ऐकू आलं होतं. ज्ञानेश्वरनं आवाज वाढवला.

"अवो, आवाज नाय आला. अंगठा..."

आणि त्याच्यावरच वाल्मिकचा आवाज, मोठ्ठा, दुकानभर. "गप गो! बोलू नको! गप बस!"

मग काहीच नाही. कोंबडीचा आवाज, लांबून अनितानं भांडं खाली ठेवल्याचा आवाज. चंदा गप्प, समोर बघत. आणि शूटिंग संपलं.

पासपोर्टचे फोटो न्यायला आलेली एक बाई दारात उभी होती, ती खाली मान घालून बाहेर निघून गेली. वाल्मिकनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो पोरासारखा रडला. इस्पितळात रडला नव्हता, नदीवर रडला नव्हता, ते सगळं ज्ञानेश्वरच्या दुकानात बाहेर आलं. "ती मला सांगत होती रे," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मरायला टेकलेली बाय मला सांगत होती, आन् मी तिला गप केली."

ज्ञानेश्वर त्याच्या स्टुलाजवळ सरकला. मग म्हणाला, "दादा, ऐका. यातलं एक चित्र थांबवून छापता येतं. मोठं नाय व्हायचं, फुटंल. पोस्टकार्डाएवढं होईल. करू?"

वाल्मिकनं मान हलवली.

ज्ञानेश्वर एकेक चित्र पुढे सरकवत गेला. चंदा बोलत होती तिथं तोंड पुसल्यासारखं. मान वळवली तिथं दोन-दोन चंदा एकावर एक. डोळे मिटलेले, ओठ फाकलेले, सगळं हललेलं. शेवटी एका ठिकाणी तो थांबला. तिथं काहीच हललं नव्हतं. नाक, डोळे, कुंकू, कानातलं, सगळं जागच्या जागी. मान ताठ, डोळे टक्क उघडे.

"हा एकच स्पष्ट हाय," ज्ञानेश्वर हळू आवाजात म्हणाला. कुठला ते दोघांनाही कळलं होतं. वाल्मिक खेकसल्यावर ती गप्प बसली, तो.

"दुसरा बग."

"बगितले, दादा. दुसरा नाय."

पोस्टकार्डाएवढा तो फोटो छापला. ज्ञानेश्वरनं भोवती रुंद पांढरी पट्टी सोडून फ्रेम केली, म्हणजे भिंतीवर अगदीच बारका दिसू नये. "शूटिंग सीडीवर टाकून देऊ? वयनीचा आवाज ऱ्हाईल," त्यानं विचारलं. वाल्मिक नको म्हणाला. कार्ड त्यानं कॅमेऱ्यात घातलं आणि कॅमेरा घरी नेऊन कपाटात ठेवला. आत चंदाचा आवाज होता, आणि तिच्या आवाजाला लागूनच याचा. एक ऐकायचा तर दुसरा ऐकावा लागणार. अनितालाही त्यानं सांगितलं नाही. बायको गेल्याचं दुःख तो लेकीबरोबर वाटून घेऊ शकत होता, पण हे कसं वाटायचं?

बाराव्याला फोटो पाटावर मांडला. हार घातला, समोर समई लावली. गावातली माणसं आली, बुधू पाड्यावरून आला, बायका डोळे पुसत समोर बसल्या. जो तो फोटो बघून तेच म्हणे.

"किती शांत बसलीय!" धोंडीबाई, शेजारची म्हातारी, म्हणाली. "एवढं दुखत व्हतं, तरी तोंडावर काय बी नाय. कशी तुझ्याकडं बगतेय रे वाल्मिक. कशी ऐकून घेतेय!"

"आईला कळलं होतं बहुतेक सगळं," अनिता म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

वाल्मिक कोपऱ्यात बसून होता. कुणी चहा दिला, तो हातात तसाच निवला.

दुपारी माणसं पांगली. अनिता भांडी घेऊन मागीलदारी गेली. वाल्मिक उठला, फोटोसमोर येऊन उभा राहिला. आयुष्यभर माणसं अशी बसावीत म्हणून तो घसा फोडत आला होता. सरळ, न हलता, तोंड मिटून. अशी कुणी बसली नव्हती, जशी चंदा बसली होती. त्यानं हार थोडा बाजूला केला, म्हणजे तिचं तोंड मोकळं होईल.

"बोल गो," तो म्हणाला. "हललीस तरी चालंल. बोल."